पोरगी थायलंडला निघाली आणि तालुका गालातल्या गालात हसला

माझे धाकटे दीर सुहास शाळेत मास्तर आहेत आणि स्काऊटमास्तरही आहेत. पहिलं पोटासाठी असतं, दुसरं जडतं. डिसेंबरातल्या एका सकाळी ते सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी आले आणि चहाला नाही म्हणाले. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मोठं मागायला आलेत.

"वहिनी, आपली आठ पोरं निवडली गेली. आंतरराष्ट्रीय शिबिर आहे. थायलंडला."

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. सरकार पडलं तरी ते पेपर खाली करत नाहीत. "थायलंडला?" एवढंच म्हणाले आणि सख्ख्या भावाकडे असं पाहिलं, जसं काही तो आजवर उगाच साधा म्हणून ओळखला जात होता.

"जंगलात शिबिर आहे, दादा. तंबू, गाठी, प्रथमोपचार. जगभरातली मुलं येतात."

"मी कुठं काय म्हणालो?" पेपर परत वर गेला, पण हलत राहिला.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी इथं थोडा खुलासा करायला हवा. आमच्या सातारा-सांगलीकडे थायलंडला फक्त एकाच जातीची माणसं जातात. ती म्हणजे संचालक. कारखान्याचे, दूध संघाचे, पतसंस्थेचे. दौऱ्याचं नाव 'अभ्यास दौरा'. अभ्यासाला बायका नेत नाहीत, फोटो काढत नाहीत, आणि परत आल्यावर काय शिकलात असं कुणी विचारत नाही. येताना फुलाफुलांचे शर्ट आणि पिवळ्या बामच्या बाटल्या आणतात. घरोघरी बाम वाटतात. गाव बाम लावतं आणि गालात हसतं. त्यात त्या बिचाऱ्या देशाचा काय अपराध, हे कुणाच्या मनातही येत नाही.

तर सुहासभावजींना तीन दिवसांचा दौरा काढायचा होता. एक दिवस औंधच्या बाजूला काम करून निधी उभा करायचा, मग कोयनानगरला तंबूत राहण्याचा सराव, आणि रविवारी सांगलीत निरोपाचा कार्यक्रम. आठातल्या चार मुली. मुलींबरोबर एक बाई हवी असा नियम. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, "कधी निघायचं?"

तुमच्या घरातलं पोर कधी अशा शिबिराला निवडलं गेलं, तर आधी बसून घ्या आणि मग खर्च विचारा. मी उभ्यानं विचारला. विमानाचं तिकीट, व्हिसा, शिबिराची फी, विमा, गणवेशाचे दोन जोड. चांगल्या दुचाकीची किंमत झाली, एका पोरामागं. पाच पोरांचे पालक कसेबसे जमवणार होते. हॉस्टेलवर राहणाऱ्या तीन मुलींचं काय, हा प्रश्न होता. त्यावर भावजींचं उत्तर तयार होतं: 'खरी कमाई'. स्काऊटमधली ही जुनी रीत आहे. पोरांनी हात पसरायचा नाही. काम करायचं, मग मोबदला घ्यायचा. आमच्या लहानपणी शाळेतली पोरं घरोघर सायकली पुसून रुपया-दोन रुपये न्यायची. त्याच रीतीनं विमान उडवायचं होतं.

"किती सायकली पुसाव्या लागतील?" मी विचारलं.

"वहिनी, तुमचं लिखाण ठीक असतं. प्रत्यक्षात इतकं टोचू नका."

शुक्रवारी उजाडताना निघालो. गाडी मिरजेच्या रशीदभाईंची क्रूझर. लग्नाची वऱ्हाडं आणि शाळेच्या सहली यात त्यांचं आयुष्य गेलेलं आहे, त्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. या दौऱ्यात मला जे धक्के बसले ते त्यांना एकही बसला नाही, हे आधीच सांगते. तासगावच्या द्राक्षबागा धुक्यात होत्या. विट्यापर्यंत रस्ता चांगला, तिथून कडेगाव-पुसेसावळीमार्गे औंध. अध्येमध्ये रुंदीकरण चालू आहे, मानदुखी असणाऱ्यांनी पुढं बसावं. विट्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली. ऐंशीच्या आत, पाव मागाल तेवढा. तर्री घालताना हॉटेलवाल्यानं पोरांचे स्कार्फ पाहिले.

"कुटला कॅम्प?"

"थायलंड," पार्थ नावाच्या आमच्या वाचाळ स्काऊटनं छाती काढून सांगितलं.

हॉटेलवाला भावजींकडे बघून म्हणाला, "मास्तर, मजा हाय." आणि तर्री दोन पळ्या जास्त वाढली.

भावजींचे कान लाल झाले. पुढं सबंध दौऱ्यात ते पूर्ववत झालेच नाहीत.

औंधला यमाईचं दर्शन घ्या, गाडी डोंगरावर वरपर्यंत जाते, पण पायऱ्यांनी चढलात तर माणदेशाची सगळी कोरडी पाठ उघडी दिसते. संग्रहालयाला निवांत अर्धा दिवस ठेवा. आम्हाला तो मिळाला नाही, कारण पोरांना काम होतं. जवळच आण्णांचं फार्महाऊस आहे. आण्णा म्हणजे त्या भागातले कारखान्याचे संचालक, नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांच्यासारखे बरेच असल्यानं फरकही पडत नाही. त्यांनी कबूल केलं होतं की पोरांनी फार्महाऊसच्या रस्त्यावरच्या झाडांना चुना आणि गेरू लावायचा, बाग साफ करायची, आणि त्याबदल्यात ते तिन्ही मुलींची विमानाची तिकिटं काढणार. चुना लावण्याच्या कामाचा त्या आवारात बराच अनुभव होता, पोरांना नव्हता. तरी त्यांनी दिवस मावळायच्या आत शेवटच्या सिल्व्हर ओकपर्यंत सगळी झाडं पांढरी-तांबडी केली. कुणीही फोटोसाठी थांबलं नाही. मला याचं फार नवल वाटलं. आमच्या भागात श्रमदान म्हणजे एक खोरं आणि बारा माणसं अशीच व्याख्या आहे.

तिन्ही मुलींतली एक सोनल. नववीतली. औंधच्या पुढं माणच्या बाजूला तिचं गाव. घरची मेंढरं, थोडी ज्वारीची जमीन. वडील बिरूदादा मेंढरं घेऊन वर्षातले काही महिने बाहेर असतात. शिकायला सोनल सांगलीत हॉस्टेलवर. बोलते कमी, पण दोरीची गाठ मारताना तिची बोटं पाहत राहावीत. संध्याकाळी तिच्या गावानं आमचा सत्कार ठेवला होता.

जायच्या आधी सत्कार. आमच्याकडे हा क्रम पक्का आहे. माणूस परत आल्यावर त्याच्याबरोबर काय परत येईल याची खात्री नसते, त्यामुळे हार आधीच घालून मोकळे होतात.

गावात शिरताच चौकात फ्लेक्स दिसला. वर आण्णा, खुर्चीएवढं डोकं. त्यांच्या दोन बाजूंना सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, भावी सरपंच. सगळ्यात खाली कोपऱ्यात स्कार्फ घातलेली सोनल, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मागं विमान, समुद्रकिनारा, माडाची झाडं आणि एक आरामखुर्ची. मजकूर: 'थायलंड दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. जंगल नाही, तंबू नाही, स्काऊट हा शब्द नाही. फ्लेक्स करणाऱ्या पोरानं मागच्या वेळी संचालकांसाठी केलेलंच डिझाईन काढून त्यात सोनलचा फोटो बसवला होता. मी विचारलं तर तो अभिमानानं म्हणाला, "मॅडम, विमानाचा वेगळा चार्ज लावला न्हाई."

मला घाम फुटला. डिसेंबरात.

मग भाषणं. शाली, नारळ. आण्णा माईकपाशी आले, घसा खाकरला. "आपली सोनल थायलंडला चालली. लय भारी देश. आमीबी जाऊन आलोय." इथं ते थांबले. गाव हसलं. पुढच्या रांगेतली हसली, पारावरची हसली, लाऊडस्पीकर लावणारा हसला. आण्णाही हसले आणि म्हणाले, "न्हाई न्हाई, अभ्यासाला गेल्तो." मग तर विचारूच नका.

सोनल शाल अंगावर घेऊन खाली मान घालून उभी होती. आणि गर्दीच्या मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला एक उंच माणूस होता. तो हसत नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या घरी गेलो. भाकरी, हुलग्याचं माडगं, वर तूप. पानं वाढून झाल्यावर भावजींनी पिशवीतून संमतिपत्र काढलं. सोमवारी सकाळी सगळ्या पालकांच्या सह्या सांगलीच्या कचेरीत पोचायला हव्या होत्या, नाहीतर राखीव यादीतलं पोर जाणार. सातजणांच्या झालेल्या होत्या.

बिरूदादांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "मास्तर, पोरगी न्हाई जायाची."

"अहो पण का? तुम्ही फोनवर हो म्हणाला होता."

"व्हय म्हनलो हुतो. आता सांगा, गाव का हासलं?"

भावजी संमतिपत्राच्या घड्या सारख्या करू लागले. मी गेली वीस वर्षं लोकांना हसवण्याचे पैसे घेते. मला तरी काही सुचायला हवं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडत बसले.

"आवं तुमी शिकल्याली मानसं. येवढं सांगा. माझी पोर कुटं चालली म्हनल्यावर बाप्ये का हासले?"

सोनल चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आबा, मी परीक्षा देऊन निवडून आलीय. जिल्ह्यातनं."

"म्हाईत हाय की मला. तुज्यावर न्हाई माझा राग." मग त्यांनी पानातली भाकरी संपवली. शेवटी भावजींना म्हणाले, "उद्या कोयनंला काय करताय?"

"सराव. तिथं शिबिरात जे करायचं ते इथं करून बघणार."

"म्या येतो. काय शिकवताय ते बघतो तरी."

"या की," भावजी म्हणाले.

"जावा," सोनलची आई म्हणाली. "मेंढरं मी बगते. पर तितं जाऊन समद्यास्नी भंडावून सोडू नगा."

त्यांनी नेमकं तेच केलं.

शनिवारी औंधहून कऱ्हाड, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. पाटणच्या पुढं वळणं सुरू होतात, गाडी लागणाऱ्यांनी कऱ्हाडात वडा खाऊ नये. पार्थनं खाल्ला होता, अधिक लिहीत नाही. बिरूदादा पुढं रशीदभाईंच्या शेजारी बसले आणि माझ्यापर्यंत सगळं ऐकू येत होतं.

"तुमी गेलाय का कवा तिकडं?"

"मी? मी मिरजेतनं बाहेर जातो ते दुसऱ्याच्या वरातीत," रशीदभाई म्हणाले.

कोयनानगरला वसाहतीच्या कडेला मोकळ्या जागेवर परवानगी घेऊन तंबू ठोकले. मागं सह्याद्रीची दाट हिरवी भिंत, खाली पाणी, हवेत कडक गारठा. जाणार असाल तर शिबिरासाठी आधी अर्ज करा आणि जाडजूड पांघरूण न्या. दिवसभर पोरांचा सराव चालला. भांड्याशिवाय स्वयंपाक: कणकेचा गोळा काठीला गुंडाळून विस्तवावर भाजायचा, बटाटे निखाऱ्यात पुरायचे. जखमेवर पट्टी बांधायची. अनोळखी देशाच्या पोराला आपलं गाव इंग्रजीत सांगायचं. सोनल म्हणाली, "माय व्हिलेज हॅज लेस रेन अँड मोर शीप." मला ते एखाद्या सरकारी अहवालापेक्षा बरं वाटलं.

बिरूदादा दगडावर घोंगडं टाकून बसून होते. एकेकाला बोलावून विचारत होते.

"मास्तर, तितं पोरींचा तंबू कुटं?"

"वेगळ्या भागात. कुंपण असतं."

"राती पहारा कोन देतं?"

"त्यांचे स्वयंसेवक. बायका असतात त्यात."

"तुमी बगितल्यात त्या?"

"नाही, पण पत्रात लिहिलंय."

"बरं." मग माझ्याकडे. "ताई, तितलं पानी बादतं का?"

"बाटलीतलं देतात म्हणे."

"म्हणे," बिरूदादा म्हणाले. त्यांनी मला खोडून काढलं नाही, फक्त माझा शब्द माझ्यासमोर ठेवला.

दुपारी टपरीवर चहा घेताना पायाखालची जमीन हलली. दोन-तीन सेकंद, पण कपबश्या वाजल्या. मी टेबल धरलं, पार्थनं मला धरलं. टपरीवाल्या मावशींनी फक्त दुधाचं पातेलं धरलं. "बसा वं. ह्यो काय न्हाई, येऊन जातो मधनंमधनं. साखर कमी का जास्त?" धरणाच्या कुशीत आयुष्य काढलेल्या बाईला भूकंपाचं काही वाटत नाही, आणि मला मात्र त्या क्षणी आमच्या इमारतीच्या बिल्डरचा चेहरा दिसला.

जमीन थांबल्यावर रशीदभाई बिरूदादांना म्हणाले, "दादा, एक सांगू का? आमच्यात हजला कोण निघालं की ते आधी जाऊन आलेल्याच्या घरी बसतं. पाणी कसं, गर्दी किती, पायात काय घालायचं. पुस्तक वाचलेल्याला कोण विचारत नाही. ज्यानं बघितलंय त्यालाच विचारा की. मास्तर कशाला सोलताय?"

बिरूदादांनी कप खाली ठेवला. "आपल्यात कोन गेलंय तितं?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

"आण्णा," सोनल हळूच म्हणाली.

"मग आण्णालाच इचारतो."

भावजी हसले. मीही हसले. आम्हाला वाटलं ते गमतीनं बोलले.

रविवारी दुपारी सांगली गाठली. विश्रामबागेतलं एक सभागृह, पाचशे खुर्च्या, त्यातल्या निम्म्या भरलेल्या, म्हणजे सांगलीच्या मानानं तुफान गर्दी. स्टेजवर आण्णा, शेजारी त्यांच्या पत्नी शोभावहिनी, मांडीवर पुष्पगुच्छ. विश्रामबागेत त्यांचा बंगला आहे, त्यामुळे वहिनी अशा कार्यक्रमांना नेहमी असतात आणि कधीच बोलत नाहीत. आण्णांच्या खुर्चीला टेकून पुठ्ठ्याचा एक चेक उभा होता, दाराएवढा. रक्कम लांबून दिसावी म्हणून. खरा चेक मागाहून देतात, पुठ्ठ्याचा आधी.

शेवटी भावजींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "पालकांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. बिरूदादा उठले आणि माईकपाशी गेले.

"आण्णा, तुमी थायलंडला जाऊन आलाय न्हवं?"

"आलोय की."

"तितं काय बगितलं?"

सभागृहात खसखस पिकली. आण्णा खुर्चीत मागं रेलले. "बिरू, ते काय स्टेजवर सांगायचं असतं व्हय रं?"

आता उघड हशा. बिरूदादा तो संपेपर्यंत थांबले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"माझी पोर चाललीय तितं. म्हनून इचारतो. उद्या सही करायची हाय. मास्तर गेला न्हाई, ह्या ताई गेल्या न्हाईत. तुमी गेलाय. रान कसलं हाय? पानी बादतं का? मानसं कशी हायती? पोर वाट चुकली तर कोन घरला आनून सोडंल का?"

हशा कुठं गेला ते कळलं नाही.

"आम्ही ऊस बघितला," आण्णा म्हणाले.

"कसला हाय? आपल्यापरीस उंच?"

"असंल."

"असंल म्हंजी? बगितला न्हवं?"

आण्णांनी आयोजकांकडे पाहिलं. आयोजक म्हणजे भावजी, ते छताकडे पाहत होते. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून, माईकशिवाय, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात शोभावहिनी म्हणाल्या, "सांगा की. मलाही ऐकायचंय."

मी त्या बाईला पंधरा वर्षं ओळखते. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

आण्णांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि मग ते असं बोलले, जे मी आजवर आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही स्टेजवर ऐकलेलं नाही. "बिरू, खरं सांगू का? हॉटेलातनं आमी भाईरच पडलो न्हाई. जाताना इमानतळ, येताना इमानतळ. मला तितलं काय बी ठावं न्हाई."

बिरूदादांनी विचार केला. घाई नव्हती त्यांना.

"म्हंजी तुमी देश बगितलाच न्हाई."

"न्हाई."

"मग त्या देशाचा काय दोष न्हाई." ते भावजींकडे वळले. "मास्तर, कुटं सही करायची?"

टाळी एकच वाजली, रशीदभाईंची, आणि त्यांनीही ती अर्ध्यावर थांबवली. कारण आण्णा उठले होते. त्यांनी पुठ्ठ्याचा चेक काखेत घेतला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून चालू लागले. बाहेर तो चेक गाडीच्या दारातून आत जाईना. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. रशीदभाई मदतीच्या भावनेनं पुढं झाले. "टपावर बांधू का साहेब? दोरी हाय माझ्याकडं." चेक तिथंच फुटपाथवर टाकून गाडी गेली. शोभावहिनी त्या गाडीत नव्हत्या. त्या कधी आणि कशा गेल्या हे कुणी पाहिलं नाही.

मागं राहिली सही झालेली सोनल, जिच्याकडे आता तिकीट नव्हतं. दुसऱ्या दोघींकडेही नव्हतं. त्या दोघी रडत होत्या. सोनल रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

"आबा, घरात नव्हतं का विचारता येत? सगळ्यांसमोर?"

"हासले बी समद्यासमोरच की, पोरी."

तिचा राग मात्र कमी झाला नाही. त्या संध्याकाळी ती वडिलांशी बोलली नाही. बिरूदादा भावजींकडे मुक्कामाला राहिले. सगळ्या सह्या पूर्ण झाल्याचं समाधान भावजींच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडत नव्हतं. मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर घेतलाच नाही.

सोमवारी सकाळी मी भावजींकडे गेले, तर दारात रिक्षा थांबली. शोभावहिनी उतरल्या, रिक्षाचे पैसे सुट्टे मोजून दिले, आत आल्या. बिरूदादा चहाची बशी हातात धरून एकदम उभे राहिले.

"वयनी, काल माझं काय चुकलं असंल तर..."

"बसा. चहा सांडेल." त्यांनी पर्समधून चेक काढला. खरा, तळहाताएवढा. "पोरांनी माझी झाडं रंगवली. कामाचे पैसे द्यायचे असतात."

"पण आण्णा..." भावजी चाचरले.

"फार्महाऊस माझ्या नावावर आहे. का आहे ते तुम्हाला माहीतच असेल, सगळ्यांच्या बायकांच्या नावावर असतात तसंच. त्या खात्यावर माझीच सही चालते. आजवर ते सांगतील तिथं करत होते." त्यांनी चेक टेबलावर ठेवला आणि पदर सारखा केला. "त्यांना मी सहा वर्षं विचारत होते, तिथं काय बघितलंत. मला बामची बाटली दिली होती. गुडघ्याला लावत होते मी. काल टाकून दिली."

मी त्यांना विचारलं, आण्णा काय म्हणाले. "ते बोलत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मला सवय आहे. त्यांना नाही." आणि त्या आल्या तशा रिक्षानं गेल्या.



आता मुलींची तिकिटं काढली आहेत. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीला हवालदार भावजींकडे आला तेव्हा त्यानंही "थायलंड का?" म्हणून ओठ मुडपला होता. पार्थनं त्याला तंबूचे प्रकार अर्धा तास सांगितले, तो सही करून पळाला. तुम्ही असा दौरा काढणार असाल तर माझा सल्ला एवढाच: रक्कम मोठी असली तरी पोरांकडून काम करून घ्या. दान परत मागता येतं, मजुरी परत मागायला माणूस फारच निर्लज्ज लागतो. आमच्या भागात तसे आहेत, पण त्यांच्या बायका आता बोलायला लागल्यात.

औंधचा डोंगर, कोयनेचं पाणी, विट्याची मिसळ यांची आठवण राहील तशी राहो. मला मात्र आठवतंय ते सोमवारी दुपारचं सांगलीचं एसटी स्टँड. बिरूदादांना विट्याच्या गाडीत बसवायला सोनल आणि मी गेलो होतो. ती अजून फुगलेली होती. गाडी लागली, दादांनी घोंगडं खिडकीतून आत टाकून जागा धरली, आणि उगाच दारात रेंगाळले.

"आबा," ती शेवटी म्हणाली, नजर दुसरीकडेच. "मी परत आल्यावर तुम्ही मलाही असंच विचारणार का? सगळ्या गावासमोर? काय बघितलं म्हणून?"

"इचारनार की."

"आणि मला नाही सांगता आलं तर?"

कंडक्टरनं घंटी मारली. बिरूदादा पायरीवर चढले, मग वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हनून तर सही केली," ते म्हणाले. "नीट बगून ये."